तिजोरीखालची काळी माती

आमच्या घरात तिजोरी आली ती रस्त्यामुळं. रत्नागिरी-नागपूर महामार्ग सांगलीकडून येऊन मंगळवेढ्यावरून सोलापूरला जातो. तो रुंद करायचं ठरलं आणि आमचं बावीस गुंठे रान त्यात गेलं. रानाबरोबर विहीर गेली, बांधावरची चार लिंबं गेली, एक चिंच गेली. मोजणीत जमिनीचे पैसे वेगळे धरतात, विहिरीचे वेगळे, झाडांचे वेगळे. सगळे मिळून माझ्या नावावर बँकेत जमा झाले. एवढा आकडा माझ्या नावापुढं मी कधी पाहिला नव्हता. चष्मा पुसून दोनदा पासबुक वाचलं.

थोरला म्हणाला, "दादा, आता सोनं-नाणं, कागदपत्रं अशी ज्वारीच्या पिंपात ठिवनं बरं न्हवं." त्याचं खरं होतं. दोन सुनांचे दागिने, मोबदल्यातून घेतलेलं थोडं सोनं, खरेदीखतं, पॉलिश्या, असं बरंच जमलं होतं. बँकेत लॉकर मागितला, तर एकही रिकामा नव्हता. मग सोलापुरात जाऊन दोनशे चाळीस किलोची तिजोरी घेतली. टेम्पोतून उतरवताना सोलापूरची दोन पोरं एकमेकांना "धर बे नीट, पाय जाईल" म्हणत होती आणि अर्धी वस्ती बघायला जमली होती. चोरांपासून लपवायची वस्तू आम्ही अशी वाजतगाजत आणली.

तिला आत नेताना खाली लोखंडी पाइपचे तुकडे घातले आणि मागून पहारीनं रेटली. दोन शहाबादी फरश्या तडकल्या. आतल्या खोलीच्या कोपऱ्यात ती बसली तेव्हा वैशाख होता. एका बाजूला उतार दिसला म्हणून त्या कोपऱ्याखाली पत्र्याचे दोन तुकडे सारले. दार जिथं सोडावं तिथं थांबत होतं. झालं, असं वाटलं.

मृगाचे दोन चांगले पाऊस झाले आणि एका सकाळी बायको म्हणाली, "अवो, तिजोरीचं दार आपसूक उघडतंय." किल्ली फिरवून दार जरा ओढलं की ते पुढचं स्वतःच सावकाश उघडायचं आणि भिंतीला जाऊन टेकायचं. लावताना जोर लावावा लागायचा. आतले लोखंडी दांडे भोकात शिरताना करकरायचे.

गवंड्याला बोलावलं. आमच्या भागातला जुना माणूस. त्यानं पारदर्शक नळीत पाणी भरून चारी कोपरे पाहिले. डाव्या अंगाचा पुढचा कोपरा पाऊण इंच वर आला होता. मी म्हटलं, "मागं अजून एक पत्रा सारू." तो म्हणाला, "सारू की. पर दिवाळीला काढाय मला पुन्ना बोलवा. खाली काय भरलंय वो तुमी?"

खाली काय भरलं होतं ते मला ठाऊक होतं. हे वस्तीवरचं घर आम्ही 1995 ला बांधलं. त्याआधी गावात माळवदाच्या घरात होतो. दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर लाकडं आणि त्यावर फूटभर माती. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार. जड म्हणजे भक्कम, अशी आमची समजूत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारीला भूकंप झाला. आम्हालाही अंथरुणात हिसका बसला. तिकडं हजारो माणसं गेली, ती त्याच जड भिंतींच्या आणि त्याच जड छपरांच्या खाली. त्यानंतर आईला माळवदाखाली झोप लागेना. म्हणून रानात विटा-सिमेंटचं घर बांधलं. पण जोत्यात मुरूम भरायला पैसे लागत होते. मी पाया खणलेलीच काळी माती आत ढकलली, वरून बोटभर मुरूम पसरला आणि फरशी घातली. मुरमाच्या सात-आठ ट्रॉल्या वाचवल्या.

काळी माती ज्वारीला आई आहे, घराला नाही. उन्हाळ्यात तिला विळा जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगते. आमच्या म्हाताऱ्यांना हे कळत होतं, म्हणून गाव पांढरीवर आणि रान काळीत. मी दहावी शिकलेला, मला वाटलं सिमेंटपुढं मातीचं काय चालतंय.

गवंड्यानं कोपरा उकरायला लावला. दोन फूट काळी काढली. त्यात मुरूम थराथरानं टाकून, पाणी मारून, धुमसानं ठोकला. वर सळईची जाळी आणि सहा इंच काँक्रीट, एकास दीड आणि तीन. म्हणाला, "आता 28 दिवस हात लावायचा न्हाय. गोनपाट टाकून पानी मारा. सिमिटाला बळ याया येळ लागतोय. आधी भोक पाडलं तर बोल्ट धरनार न्हाय, कड फुटंल."

म्हणून 28 दिवस तिजोरी ओसरीत राहिली. रिकामी, जुनी चादर पांघरून. येणारा-जाणारा चादर उचलून बघायचा. पोरं टकटक वाजवायची. दागिने पुन्हा ज्वारीच्या पिंपात गेले.

ते हलवताना थोरल्यानं यादी केली. तो हुशार आहे, त्यानं तिजोरीच्या खणांप्रमाणं कागदावर मांडलं. वरचा खण, सुनांचं. मधला खण, आईचं आणि नवीन. खालचा खण, कागदपत्रं. वर लिहिलं होतं, 'आपलं सोनं'. मधल्या खणात चौथी ओळ होती, 'पाटल्या 2, जुन्या, चार तोळे'.

मी ती ओळ वाचली आणि म्हणालो, "ह्या आपल्या न्हाईत. आक्काच्या हाईत."

तो म्हणाला, "आक्काआत्त्याच्या? मग आपल्याकडं कशा?"

त्याची चूक नव्हती. त्याच्या जन्माच्या आधीची गोष्ट. 1986 साली पाऊस नव्हता. आमची जुनी विहीर कोरडी पडली होती, नवी खणायची तर पैसा नव्हता. आक्का तेव्हा माहेराला आली होती. वडलांचं तोंड बघून तिनं हातातल्या पाटल्या काढून दिल्या. नवऱ्याला काय सांगितलं ते मला आजही माहीत नाही. पाटल्या तालुक्याला एकाकडं गहाण पडल्या आणि विहीर झाली. 45 फुटांवर पाणी लागलं. वडील 1989 ला गेले. पुढच्या साली दोन पिकं बरी आली तेव्हा मी पाटल्या सोडवल्या आणि तिच्या गावी घेऊन गेलो. तिनं बाहेर अंगणातच मला थांबवलं. म्हणाली, "आप्पा, तुज्याकडंच ठिव. हितं ऱ्हायाच्या न्हाईत." दाजी तेव्हा पीत होते. आईच्या लुगड्याच्या फाटक्या पदराच्या फडक्यात त्या बांधलेल्या होत्या, तशाच परत आणल्या.

तेव्हापासून त्या आमच्याकडं आहेत. उतरंडीच्या तिसऱ्या गाडग्यात होत्या, मग ट्रंकेत, मग पिंपात. कधी कुलूप नव्हतं. पण त्या फडक्याची गाठ बघितली की घरातल्या कुणालाही कळायचं, हे आक्काचं. माझ्या आईनं, बायकोनं कधी ते गाठोडं आपल्या दागिन्यांत मिसळलं नाही. ते मिसळायची वेळ आली ती तिजोरी आल्यावर. थोरल्यानं फडकं टाकून दिलं होतं आणि पाटल्या लाल मखमली डबीत ठेवल्या होत्या. नीटनेटकेपणा म्हणून.

मी त्या महिन्यात यावर पुष्कळ विचार केला. दुसरं कामही नव्हतं, पाऊस लागून होता.

आमच्याकडं पूर्वी ज्वारी पेवात ठेवायचे. जमिनीत खोल खणलेलं, आतून कडब्याचा थर लावलेलं, तोंड दगडानं झाकून वर मातीनं लिंपलेलं. पेवावरून गाड्या जायच्या, पोरं खेळायची. कुलूप नाही. पण कुणाचं पेव कुठं हे सगळ्या गल्लीला माहीत. पेव एकट्याला चोरून उघडता येत नव्हतं. तोंड काढलं की आतला वायू निघून जाईस्तोवर थांबावं लागायचं, कंदील सोडून बघायचा, तो विझला तर माणूस उतरवायचा नाही. एवढा सोहळा चोराला कुठून परवडणार? माल चार लोकांच्या नजरेखाली होता, म्हणून राखला जात होता. तिजोरीत माल फक्त किल्लीवाल्याच्या नजरेखाली असतो. मग किल्लीवाल्यालाच हळूहळू वाटायला लागतं की आत आहे ते सगळं माझं.

किल्ली आणि मालकी यांचा विषय निघाला की मंगळवेढ्याच्या माणसाला दामाजीपंत आठवणारच. बिदरच्या बादशहाचे ते इथले अंमलदार. दुष्काळात माणसं तडफडायला लागली तेव्हा त्यांनी सरकारी कोठार उघडलं आणि धान्य वाटलं. आपण ही कथा कीर्तनात ऐकतो आणि माना डोलावतो. पण एक गोष्ट मला लहानपणापासून खटकायची. धान्य दामाजीचं नव्हतं. किल्ली त्यांची, माल बादशहाचा. दुसऱ्याचं उचलून वाटलं तर त्याला दान म्हणायचं का? वर्गात हे विचारलं तेव्हा गुरुजींनी कान धरला होता.

आता वाटतं, कथा सांगणाऱ्यांनाही हे खटकलं असणार. कारण कथेतला विठोबा दरबारात जाऊन "भुकेल्यांना दिलं, पुण्य केलं, सोडा याला" असं म्हणत नाही. तो विठू महाराचं रूप घेतो, बिदरला पायी जातो, धान्याची पुरी किंमत मोजतो आणि पावती घेतो. देवालासुद्धा हिशेब उघडा ठेवता आला नाही. भूक मोठी खरी, पण कोठार ज्याचं त्याचं देणं लागतंच.

हे सुचलं तेव्हा मला बरं वाटलं, कारण माझा हिशेब तर फिटलेला होता. पाटल्या घेतल्या, पाटल्या सोडवल्या, जशाच्या तशा आहेत. चार तोळ्याला चार तोळे. मग झोप का लागत नव्हती?

विहिरीमुळं. त्या पाटल्यांवर जी विहीर झाली, तिच्या पाण्यावर आम्ही तीस-बत्तीस वर्षं काढली. मालदांडी एकदा भिजवून दुप्पट घेतली, दोन मुलं शिकवली, हे घर बांधलं. शेवटी ती विहीर रस्त्यात गेली आणि सरकारनं तिचे वेगळे पैसे दिले. मला. गहाणाची वस्तू परत केली म्हणजे त्या वस्तूनं जे उभं केलं तेही माझं झालं का? सावकार व्याज मागतो तेव्हा आपण त्याला शिव्या घालतो. 1875 ला सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, तेव्हा त्यांचा राग व्याजावरच होता. पण बहिणीनं व्याज मागितलं नाही म्हणून ते नव्हतंच, असं कसं?

आणि दुसरं त्याहून अवघड. खालच्या खणातल्या कागदांत एक हक्कसोडपत्र होतं. 1991 चं. वडलांमागं आक्काला तालुक्याला नेलं होतं, तिनं सही केली, आम्ही हॉटेलात भजी खाल्ली, आईनं तिला इरकली लुगडं घेतलं. आमच्यात तेव्हा असंच असायचं. बहिणीनं सही दिली नाही तर माहेर तुटलं असं समजायचे. 1956 च्या कायद्यानं बापाच्या वाट्यात तिचा हिस्सा होताच, म्हणून तर सही लागली. 2005 च्या दुरुस्तीनं मुलीचा हक्क मुलाइतका झाला. तो कागद नसता तर या बावीस गुंठ्यांच्या पैशात ती निम्म्याची धनीण. कागद आहे, म्हणून शून्य. एका खणात तिनं ठेवायला दिलेलं, दुसऱ्या खणात तिनं सोडून दिलेलं, आणि दोन्हीची किल्ली माझ्या करगोट्याला.

मी घरात विषय काढला. थोरला स्पष्ट बोलला, "दादा, विहिरीचं द्या, कळतंय मला. पर जमीन? ट्रॅक्टरचं कर्ज हाय. आनि तिनं सही केलीय, कुनी हात धरून करून घेतली न्हवती." धाकटा गप्प होता. बायको भाकरी थापत होती. ती म्हणाली, "मी बी सोडलंय की माज्या भावास्नी. साडेचार एकर हुतं. मला कोन इचारलं?" त्यात राग होता का, आणि असला तर कुणावर, हे मला कळलं नाही. मीही विचारलं नाही. विनोबा गावोगाव फिरले तेव्हा म्हणायचे, तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा, सहावा हिस्सा द्या. परक्या म्हाताऱ्याला मुलगा समजून लोकांनी जमिनी दिल्या. घरातली मुलगी मात्र मोजायची राहून गेली.

पंचमीला आक्का आली. चोवीस दिवस झाले होते. तिनं आदल्या दिवशी भावाचा उपास केलेला, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी. ओसरीतली तिजोरी बघून हसली. "ही बाहीर आनि सोनं पिंपात? शाना हाईस." मी पाटल्या आणून तिच्या पुढ्यात ठेवल्या. डबी बघून तिनं विचारलं, "माझं फडकं कुठं हाय?" थोरल्याचं तोंड उतरलं.

मी विहिरीचं बोललो. ती ऐकत होती. मग म्हणाली, "पैसं आलं ते विहिरीचं. पानी तीस वरीस काढलं, त्येचं किती धरलंस?" मी गडबडलो. ती हसायला लागली. "येडा हाईस. पानी मोजत्यात व्हय? दे विहिरीचं. नातीची फी भरायची हाय."

मग मी जमिनीचं काढलं. तेव्हा मात्र ती हसली नाही. पाटली हातात घालायला बघत होती, पण हात आता जाड झाला होता, जाईना. ती काढून ठेवत म्हणाली, "आप्पा, मी लिहून दिलंय. दिल्यालं परत मागनारी मी न्हाय. पर तू दिलंस तर नगं म्हननार न्हाय."

मला वाटलं होतं ती नको म्हणेल. मनातून मी तेच धरून बसलो होतो, हे मला तिच्या बोलण्यानं कळलं. ती नको म्हणाली असती तर मी विचारल्याचं पुण्य घेऊन मोकळा झालो असतो, पैसाही राहिला असता. तिनं ती वाट ठेवली नाही. रागावली नाही, रडली नाही, नुसतं जे आहे ते सांगितलं. दुपारी पुरणाची दिंडं खाल्ली, झोक्यापाशी जाऊन बसली, आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं गेली. पाटल्या माझ्याकडंच ठेवल्या. म्हणाली, डबी नको. बायकोनं आपल्या जुन्या लुगड्याचं फडकं फाडून दिलं, गाठ आक्कानं स्वतः मारली.

28 दिवस भरल्यावर गवंडी आला. नवा कोबा नळी लावून पाहिला, केसाचाही फरक नव्हता. तिजोरी जागेवर घेतली. तरी मागच्या उजव्या कोपऱ्याखाली कागदाएवढी फट राहिली. मी लाकडाची पाचर आणली, तर त्यानं फेकून दिली. "लाकूड दबतंय, वाळवी खाती. आनि फट तशीच ठिवून बोल्ट आवळला तर तिजोरी पिळती, मग दार आडकतं." लोखंडी पट्टी घासून घासून त्या मापाची केली. मग तिजोरीच्या तळातल्या चार भोकांतून हॅमर ड्रिलनं खाली चार-चार इंच भोकं पाडली. धूळ सायकलच्या पंपानं फुंकून काढली. आत भुकटी राहिली तर फास्टनर फिरत राहतो, धरत नाही. चारही फास्टनर ठोकले आणि पान्यानं आळीपाळीनं आवळले. आवळेल तसं आतलं नळकांडं फुगतं आणि भोकाच्या भिंती धरतं. मला आधी वाटायचं तिजोरी बाहेरून पट्ट्यांनी बांधत असतील. ती आतून बांधतात. दार उघडल्याशिवाय त्या नटांना कुणाचा हात लागत नाही.

विहिरीचे पैसे त्याच आठवड्यात आक्काच्या खात्यावर भरले. जमिनीचे अजून नाहीत. त्याला तीन पंचम्या झाल्या. ती दर पंचमीला येते, त्याविषयी काही विचारत नाही. उपास मात्र धरते. परवा मी थोरल्याला घेऊन बसलो, ट्रॅक्टरचा शेवटचा हप्ता चैत्रात संपतो म्हणाला. मग निम्मे की तिसरा हिस्सा, यावर आमचं अडलं. बायको मधेच म्हणाली, "मोजा तरी आधी, किती हुत्यात ते." मोजले. आकडा कागदावर लिहून ठेवलाय.

तिजोरी जागची हललेली नाही. पावसाळ्यात बाकीची खोली वर-खाली होते, एक फरशी पुन्हा उचलली, तेवढा कोपरा तसाच असतो. दार सोडावं तिथं थांबतं. आक्काचं गाठोडं वरच्या खणात आहे, थोरल्यानं यादीत वेगळ्या पानावर तिचं नाव लिहून ठेवलंय. हक्कसोडपत्र मी त्यात ठेवलं नाही. ते जुन्या ट्रंकेत आहे, आणि तिची कडी मोडलेली आहे.